चिंचोक्यांचा नकाशा

आमच्या घरात माझी एक गोष्ट सांगतात. आजोबा तरुणपणी कोतवालीत मुन्शी होते, त्यांनी फरशीवर चिंचोके मांडून चोर कुठं राहतात ते शोधून काढलं आणि सगळ्या गावाला निर्धास्त केलं — अशी. नातसून पाहुण्यांना सांगते, पाहुणे माझ्याकडं बघून मान डोलावतात आणि मी — मी काय करतो? मिशीतल्या मिशीत हसतो. चाळीस वर्षांच्या वर झाली, हसतोय. त्या गोष्टीचा मधला भाग मात्र कोणालाच ठाऊक नाही. बायकोला सांगितला नाही, ती गेली. मुलाला सांगितला नाही, तो आता माझ्याशी मोठ्यानं बोलतो, मी बहिरा असल्यासारखा. तुम्ही माझे कोणी लागत नाही म्हणून म्हणा, किंवा आता लपवायची हौस फिटली म्हणून म्हणा — तुम्हाला सांगतो.

गावाचं नाव लिहीत नाही. बीड जिल्ह्यातलंच, तट आणि वेशी असलेलं, मोठ्या बाजाराचं गाव. निजामाचं राज्य होतं. म्हणजे कागद उर्दूत आणि शिव्या मराठीत. मी तेव्हा पंचविशीचा असेन.

एक आधीच सांगून टाकतो. मी हुशार होतो. त्यात लाजायचं काय? फारसी-उर्दू माझ्याइतकी सफाईनं लिहिणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नव्हता, आणि हिशोब-मोजणी तर तोंडी. मोठमोठे जमीनदार अर्ज लिहायला माझ्याकडं यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. कोतवालीतले जवान आपसात भांडले की म्हणायचे, "मुन्शीजीला विचार बे, त्याचं चुकत न्हाई." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मलाही ते पटलं होतं. आता पुढं जे सांगणार आहे त्याचं मूळ तिथंच आहे, पण ते मूळ सांगून मला सुटायचं नाही. नुसतं माहिती असावं.

त्या साली पावसाळा लागल्यापासून चोऱ्या लई झाल्या होत्या. घरफोडी म्हणावी अशी मोठी नाही. परसातली तांब्याची घागर जा, दांडीवरचं लुगडं जा, कोणाच्या पाटल्या जा, कोणाची शेळी. पण रोज उठून कोणीतरी कोतवालीच्या पायऱ्यांवर बोंबलत उभं. पाहऱ्याला माणसं थोडी. नवे अमीनसाहेब आले होते — कोतवालीचे मुख्य — हैदराबादकडचे, तरुण, इस्त्रीचे कपडे घालणारे. त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, गावाचा कोणता मोहल्ला सुरक्षित आहे आणि कोणता नाही? पाहरा कुठं लावू? असा प्रश्न आमच्या कोतवालीत तोवर कोणी विचारलाच नव्हता. चोरी झाली की धावायचं, एवढंच ठाऊक. मी म्हणालो, हुजूर, वारदातीचं बुक आहे, मला चार दिवस द्या.

वारदातीचं बुक म्हणजे झाल्या गुन्ह्यांची नोंद. तारीख, फिर्यादीचं नाव, गेलेला माल, आणि शेवटच्या रकान्यात ठिकाण. मी काय केलं, तर कोतवालीच्या मागच्या खोलीत फरशीवर खडूनं सगळं गाव काढलं. तट काढला, वेशी काढल्या, पेठ, गल्ल्या, ओढा, वेशीबाहेरची वस्ती, सगळं. घरून ओंजळभर चिंचोके आणले. बुकाचं त्या पावसाळ्यापासूनचं एकेक पान उलटायचं, शेवटचा रकाना बघायचा आणि त्या जागी एक चिंचोका ठेवायचा. काही जवान दारातून डोकावून हसायचे — मुन्शीजी सारीपाट मांडून बसले म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांचं हसू थांबलं. कारण चिंचोके गावभर पसरले नाहीत. पेठेत दोन-चार, बाजारात थोडे, आणि उत्तर वेशीबाहेर धनगरवाड्यावर — ढीग. अक्षरशः ढीग. वर ठेवलेला चिंचोका घरंगळून खाली यायचा.

माझ्या अंगावर शहारा आला, खोटं कशाला बोलू. बुक रोज सगळ्यांच्या हाताखालून जात होतं, आणि हे कोणाला दिसलं नव्हतं. मला दिसलं! अमीनसाहेब आत आले, ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कमाल किया आपने, मुन्शीजी." तोच नकाशा मी मोठ्या कागदावर उतरवला, चिंचोक्यांच्या जागी शाईचे ठिपके. एक प्रत बीडला वरच्या साहेबाकडं गेली, खाली माझं नाव. दुसरी चावडीच्या भिंतीवर डकवली, सगळ्यांनी बघावी म्हणून, आणि तिसरी अमीनसाहेबांनी आपल्या कचेरीत लावून घेतली. दवंडी पिटली. लोक येऊन आपापली गल्ली शोधायचे. आपल्या गल्लीत ठिपका नाही हे बघून माणसाचा चेहरा कसा खुलतो, ते मी तिथं उभं राहून पाहिलंय. आमच्या गल्लीत एकही ठिपका नव्हता.

आणि धनगरवाड्याला हजेरी लागली.

हजेरी म्हणजे काय ते आताच्या लोकांना सांगायला हवं. वाड्यातल्या प्रत्येक जाणत्या पुरुषानं सकाळी एकदा आणि दिवे लागायच्या आधी एकदा उत्तर वेशीच्या चौकीवर येऊन ओळीत उभं राहायचं, नाव पुकारलं की हात वर करायचा. परवानगीशिवाय गावाची शीव ओलांडायची नाही. पाहऱ्यावरचे होते तेवढे जवान तिकडंच नेले. बाजारात धनगरणी आल्या की जमादार त्यांच्या पाट्या उपसून बघायचा. घोंगड्या विकायला आल्या तर लोक घेईनात — कोणाच्या घरची लोकर असेल कोण जाणे! असं बोलायचे. ज्यांनी जन्मभर त्यांच्याचकडून घोंगडी घेतली ते बोलायचे.

आता मला जरा थांबू द्या. पुढचं सोपं नाही.

ते ठिकाण, तो रकाना — तो कसा भरला जायचा ते सांगतो. चोरी झाली की पहिलं बोलावणं तुका जागल्याला, गावच्या राखणदाराला. म्हातारा, काटकुळा, पण पायाचे ठसे वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तो चोरीच्या जागी जायचा, चोराचा एखादा स्वच्छ ठसा शोधून त्यावर टोपली पालथी घालायचा, म्हणजे कोणी तुडवू नये, आणि मग त्या ठशाशी ताडत ताडत माग काढत निघायचा. आमच्याकडं रिवाजच होता की माग ज्याच्या हद्दीत जाऊन संपेल त्यानं तो पुढं काढून द्यायचा, नाहीतर जबाब द्यायचा. म्हणून तुका परत येऊन सांगायचा, माग अमुक ठिकाणी संपला, आणि आम्ही मुन्शी लोक ते शेवटच्या रकान्यात लिहायचो. मीही दोन वर्षं लिहीत होतो. माग संपला म्हणजे चोर घरी पोचला — दुसरं काय? असं मी धरून चाललो होतो. गादीवर बसून. मी जन्मात कधी तुकाच्या मागं चालत गेलो नव्हतो. मुन्शीनं कशाला धुळीत पाय घालायचे?

हजेरी लागून पंधरा दिवस झाले नसतील, आमच्याच गल्लीत पुन्हा चोरी झाली. अगदी भिंतीला भिंत — शेजारच्या गयाबाईकडं. एकटी विधवा बाई, पापड-कुरडया करून पोट भरायची. तिच्या आईच्या पाटल्या गेल्या. सकाळी तिनं असा काही हंबरडा फोडला की मी तोंड न पुसताच बाहेर आलो. हिनं, माझ्या बायकोनं, माझ्याकडं बघितलं. शेजारधर्म म्हणून तुकाबरोबर त्या दिवशी मी स्वतः निघालो.

गयाबाईच्या परसातून माग निघाला. आमच्या गल्लीच्या पाठीमागं ओढा आहे, तिथं गावाचा तट पावसानं ढासळून खिंडार पडलेलं. माग त्या खिंडारातून बाहेर, ओढ्याच्या वाळूतून उत्तरेकडं. तुका वाकून चालतोय, मी मागं धोतराचा सोगा धरून. मला तर काही दिसत नव्हतं, पण तो बोटानं दाखवायचा — ही टाच, हा अंगठा, इथं गडी थांबलेला हाय. मला मोठी मौज वाटत होती! असं करत आम्ही वेशीबाहेरच्या माळावर आलो. तिथून तीन रस्ते फुटतात. समोर धनगरवाडा. आणि तेवढ्यात वाड्यातली मेंढरं सुटली. पुरुष सकाळच्या हजेरीला, म्हणून बायका नि म्हाताऱ्या हाकत होत्या. शेकडो मेंढरं माळभर पांगली, आमच्या अंगावरून गेली, धुरळा उठला. धुरळा बसला तेव्हा तुका कमरेवर हात ठेवून उभा होता.

मी विचारलं, काय झालं? चल की पुढं.

"कुठं पुढं, मुन्शीजी?" तो म्हणाला. "हितं रोजच संपतोय माग. मेंढरं सुटली की पुसला. लिवा नेहमीवानी — धनगरवाडा."

नेहमीवानी!

तुम्हाला कळलं का? मला उभ्या जागी कळलं. माझी अक्कल त्या दिवशीही शाबूत होती, तोच तर घोळ आहे. माळावरून तीन रस्ते जातात, चोर त्यांतल्या कुठल्याही रस्त्यानं गेला असेल. रोज पहाटे चोरी उघडकीला यायची, तुकाला बोलावून माग निघेपर्यंत दिवस वर यायचा, आणि तोवर मेंढरांनी माळ तुडवलेला असायचा. तो ढीग चोरांचा नव्हता. तो मेंढरांच्या खुरांचा होता. मी गावभर बोंब मारून सांगितलं होतं, ते एवढंच — की धनगरवाड्यात मेंढरं आहेत.

त्याच दिवशी दुपारी, जवान जेवायला गेल्यावर, मी मागची खोली आतून लावली. पुन्हा खडूनं गाव काढलं. पुन्हा चिंचोके घेतले. या खेपेला शेवटचा रकाना बघितला नाही. मूळ फिर्याद उघडून चोरी कोणाच्या घरी झाली ते बघितलं. ते काय अवघड होतं? पहिल्याच दिवशी करायचं काम. चिंचोके पडत गेले ते ओढ्याच्या कडेनं. खिंडाराच्या भोवती. आमच्या गल्लीत, तिच्या पाठच्या गल्लीत. जो माणूस चावडीवर जाऊन आपली गल्ली बिनठिपक्याची बघून हसत परत आला होता, त्याच्याच दारात ते चिंचोके पडत होते. चोर कोण ते मला कळलं नाही, पण कुठून येतात, कुठं येतात, ते लख्ख दिसत होतं. खिंडार बुजवायचं आणि दोन जवान तिथं उभे करायचे. बस. अमीनसाहेबांची कचेरी त्या खोलीपासून वीस पावलांवर होती.

मी चिंचोके गोळा केले. फरशी ओल्या फडक्यानं पुसली. दार उघडलं आणि गादीवर येऊन बसलो.

का? भीती होती का? अमीनसाहेब भले गृहस्थ होते, फार तर हसले असते. बीडहून शाबासकीचं पत्र आलं होतं, तिकडं पेशकाराची, म्हणजे वरच्या साहेबाच्या खास कारकुनाची, जागा रिकामी होती आणि माझं नाव निघत होतं — हेही होतं. पण खरं सांगू? त्याहून मोठं ते दुसरंच. त्याचं चुकत न्हाई. ते वाक्य. कोणा जवानानं कोणाला 'मुन्शीजीचंबी चुकतंय बे' असं म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं. एवढ्यासाठी. इतकं क्षुल्लक आहे ते. मी दुसरं काही मोठं कारण शोधून बघितलंय, नाही सापडत.

आणि मग मी आणखी एक केलं. सगळ्यांत जास्त लाज मला याचीच वाटते, म्हणून ते आधी सांगून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं आणि परसदाराला आतून बाभळीचा जाड अडसर बसवून घेतला. भिंतीत दोन्हीकडं खोबणी पाडून. खोटा नकाशा चावडीवर, गावासाठी. खरा नकाशा माझ्या परसदाराला, माझ्यासाठी.

ही दारात उभी राहून बघत होती. निरक्षर बाई, पण डोकं असं की मला कधी कधी धास्ती वाटायची. म्हणाली, "कावून बसवताय अडसर?"

मी म्हणालो, चोऱ्या लई झाल्यात.

"आवो, पण चोर तर तिकडं हजेरीला उभे हायत ना? तुमीच धरलेत की. मंग ह्यो अडसर कोणासाठी?"

मी तिच्यावर खेकसलो. बायकांनी नसत्या चौकशा करू नयेत, असं काहीतरी. ती अडसराकडं बघत राहिली. गयाबाईचं दार मात्र तसंच, खिळखिळं. त्याला एक फळी ठोकून दे म्हणून सुताराला सांगायला मला एक शब्द लागला असता. तेवढं केलं असतं तर गयाबाईनं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं मुन्शीजी, पुन्हा येतील म्हणून? म्हणून तेही नाही केलं. आणि आले की! महिन्याभरात तिची घागर गेली, पुढच्या घरचं लुगडं गेलं. माझ्या दाराला अडसर होता, तेव्हा चोर पुढच्या दारी गेला. बुकात मीच लिहिलं. शेवटच्या रकान्यात — नेहमीवानी.

दिवाळी झाली. धनगरांची निघायची वेळ आली. दरसाल दिवाळीनंतर वाडा उठायचा, मेंढरं खाली गोदाकाठी चारायला न्यायची, खतासाठी लोकांच्या वावरांत बसवायची, पावसाच्या तोंडाला परत. आमच्या माळावर उन्हाळ्यात काय असतं? दगड. पण हजेरी असलेल्या माणसानं शीव कशी ओलांडायची?

म्हणून धुळबा आला. धनगरवाड्याचा म्होरक्या, साठीचा माणूस, हातात काठी, डोक्याला लाल मुंडासं. कोतवालीच्या ओट्याखाली उभा राहिला, वर आला नाही. माझ्या लग्नात त्यानं पांढऱ्या लोकरीची घोंगडी आणून दिली होती. आमच्या वडिलांचा नि त्याचा घरोबा. त्याला माहिती नव्हतं की नकाशा मी काढलाय. म्हणजे ऐकलं असेल, पण मुन्शी सरकार सांगेल ते लिहितो, असं त्याला वाटायचं.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "आमी काय केलं बाबा? कावून आमालाच उभं करत्यात सांज-सकाळ? करू द्या. उभं राहू. पन पावसापातुर गोदाकाठी जाऊ द्या म्हनावं. मेंढरं हितं जगत न्हाईत." मग म्हणाला, "मेंढरं गेली तर आमी कोन?"

मी म्हणालो, धुळबा, अर्ज लिहून देतो.

आणि लिहिला. असा लिहिला की काय सांगू! त्याहून देखणा अर्ज मी आयुष्यात लिहिला नाही. हुजूरची मेहेरबानी, गरीब रयत, मुक्या जनावरांची दया — वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. सगळं होतं त्यात. एक ओळ सोडून. ती ओळ लिहिली असती तर बाकीच्या अर्जाची गरजच नव्हती. धुळबानं अंगठा उठवला, बोट मुंडाशाला पुसलं आणि मला वाकून रामराम केला. म्हणाला, तुमी हायत म्हणून.

अमीनसाहेबांनी अर्ज वाचला. दोनदा वाचला. मग उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेले — माझ्या नकाशाजवळ — आणि त्या काळ्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. एवढे लोक पावसाळ्यापर्यंत मोकळे सोडायचे? "आप ही का नकाशा है, मुन्शीजी. लिखिए, नामंजूर." ते बोट अजून ठिपक्यांवरच होतं. बोलायचं असतं तर ती वेळ होती. साहेब, थांबा — एवढं म्हणायचं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली असं मी म्हणणार नाही, ती चांगली सैल होती. मी म्हणालो, जी हुजूर. आणि ज्या टाकानं अर्ज लिहिला त्याच टाकानं खाली नामंजूर लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

उन्हाळा आला. त्याचं मी जास्त लिहीत नाही. फेब्रुवारीतच माळ खरवडल्यासारखा झाला. धनगरणी बाभळीच्या शेंगा झोडपत लांब लांब जायच्या, पुरुष सकाळ-संध्याकाळ ओळीत. मेंढरं आधी विकली, मग कोणी घेईना, मग मरायला लागली. वेशीतून वास यायचा तेव्हा लोक नाकाला धोतर लावून जायचे. धुळबाची म्हातारी बायको एका दुपारी शेंगा झोडायला गेली ती उन्हानं पडली, उठली नाही. हजेरीची वेळ झाली म्हणून धुळबा तिला तशीच टाकून चौकीवर आला होता, नाव पुकारल्यावर हात वर केला होता, आणि मग तिच्या मातीला गेला. मला जमादारानं सांगितलं.

पावसाच्या तोंडाला वाडा रिकामा झाला. राखायला मेंढरूच उरलं नाही, तेव्हा अमीनसाहेबांनी हजेरी उठवली. कोण तेलगावकडं सालगडी म्हणून गेलं, कोण सडकेवर खडी फोडायला. माळ मोकळा पडला.

आणि आता ऐका. वाडा उठल्यावर गावात पहिली चोरी झाली तेव्हा तुका सकाळी माग काढत निघाला, तो त्या माळावर थांबलाच नाही. सरळ पुढं गेला. दुपारी परत आला तो दोन चोरांचं घर बघूनच. लांबच्या एका खेड्यातले शेतकरी घरातले दोघे भाऊ, धनगर नव्हेत, कोणी नव्हेत. गयाबाईची घागर त्यांच्या कणगीत सापडली. तुका मला म्हणाला, "आता कसा लख्ख दिसतोय माग. मेंढरं न्हाईत ना." त्याच्या मनात काही नव्हतं, तो आपला खूश होता. मी खाली मान घालून घागरीची नोंद करायला घेतली.

मला वाटलं, आता उघडं पडणार. आता सगळ्यांना कळणार. कळलं का? छे! गाव काय म्हणालं माहितीय? बघा, धनगरवाडा उठला आणि चोऱ्या थांबल्या. अमीनसाहेब म्हणाले, त्या दोघांना आसरा वाड्यानंच दिला असणार. मुन्शीजीचा नकाशा तंतोतंत खरा ठरला. गुळाचा खडा देऊन लोकांनी माझं तोंड गोड केलं. मी खाल्ला. त्याच साली मी बीडला पेशकार झालो, आणि पुढं निवृत्त होऊन याच घरात परत आलो. घरात गोष्ट सांगतात ती ही.

धुळबा मला त्यानंतर एकदा दिसला. मी सुट्टीला गावी येत होतो, टांग्यात. सडकेच्या कडेला खडी फोडत बसलेल्या माणसांत तो होता. मुंडासं नव्हतं, उन्हात तसाच. त्यानं मला ओळखलं. हातोडी खाली ठेवून उभा राहिला आणि — नाव पुकारल्यावर करायचा तसा — हात वर केला. रामराम असेल. सवय असेल. मी टांगेवाल्याला म्हणालो, टांगा हाक.

राज्य गेलं, ते बुक कुठं वाळवीनं खाल्लं असेल. परसदाराचा अडसर मात्र चांगला टिकलाय. ही जायच्या आधी आठ दिवस त्याच्याकडं बघून म्हणाली होती, ह्यो अडसर मला कधी उमगला न्हाई. मी तेव्हाही गप्प बसलो. तिला उमगला होता, असं मला आता वाटतं.

धुळबाच्या अर्जात एक ओळ राहिली, असं मघाशी म्हणालो. ती अशी — अर्जदाराच्या वाड्यात चोर नाहीत. माग तिथं संपतो तो मेंढरांनी पुसला जातो म्हणून, आणि हे नकाशा काढणाऱ्या मुन्शीला माहीत आहे.

लिहायला एवढाच वेळ लागला.